जुन्या सायकलला किट बसवायचं की सरळ ई-सायकल घ्यायची? आधी बॅटरीचं बघा

आमच्या घरात मिळून तीन ई-सायकली आहेत. बायकोची रेडीमेड, दुकानातून घेतलेली. माझी किटवाली, म्हणजे कॉलेजपासूनची स्टील फ्रेमची गिअरची सायकल आणि तिच्या मागच्या चाकात मोटर. तिसरी सांगलीला बाबांकडे, तीही किटचीच, पण तिची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगतो. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की अरे २५-३० हजारांची ई-सायकल घेऊ का घरात धूळ खात पडलेल्या सायकलला किट बसवू, किट तर ऑनलाइन ८ हजारात दिसतंय.

८ हजारात दिसतं ते खोटं नसतं, पण त्यात बॅटरी नसते. मोटर, कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), थ्रॉटल (स्कूटरसारखी पिळायची मूठ), ब्रेकचे लिव्हर, पायडलचा सेन्सर (पायडल फिरतंय हे ओळखून मोटर चालू करणारा) एवढंच येतं. बॅटरी वेगळी घ्यावी लागते आणि ती बहुतेक वेळा किटपेक्षा महाग पडते. माझा हिशोब जसा झाला तसा देतो. २५० वॉट ३६ व्होल्टचं हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर) किट ८,५००, बॅटरी (आत्ताची; पहिली स्वस्तातली फसली, ते पुढे सांगतो) ११,०००, चार्जर १,२००, ब्रेक पॅड, केबली आणि दोन नवे टायर मिळून २,४००, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची मजुरी आणि किरकोळ सामान ६००. झाले २३,७००. बायकोची रेडीमेड सायकल २८,००० ला आली. म्हणजे फरक ४,३०० चा, आणि तो पण सायकल माझ्याकडे आधीच होती म्हणून. तुम्हाला किटसाठी ४-५ हजारांची सेकंडहँड सायकल घ्यावी लागणार असेल तर फरक काहीच उरत नाही.

तेव्हा फक्त पैसे वाचवायला किट करणार असाल तर एकदा कागदावर बेरीज करा. किट करायची खरी कारणं वेगळी आहेत. बॅटरी आपल्या मनाजोगी मोठी टाकता येते, काही बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलता येतो, आणि अंगाला बसलेली सायकल सोडावी लागत नाही. पण त्यासाठी घरात कोणीतरी महिन्यातून एकदा हातात पाना घेणारं पाहिजे. ते कोणी नसेल तर रेडीमेड घ्या, त्यात काही कमीपणा नाही, माझ्या बायकोला नुसती चालवायची होती आणि तिच्यासाठी तेच बरोबर होतं.

आधी आपला रस्ता मोजा

दुकानात जायच्या आधी हे करायचं. रोज किती किलोमीटर, मध्ये चढ किती, सायकल उभी कुठे करणार, आणि चार्ज कुठे करणार. माझं घर पुण्यात कोथरूडला, ऑफिस बाणेरला, जायला ११ किलोमीटर आणि मध्ये चांदणी चौकाचा चढ. जाऊन येऊन २२.

आता बॅटरीचं गणित, हे एकदा डोक्यात बसलं की कोणी फसवू शकत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. स्वस्त रेडीमेड सायकलींमध्ये साधारण ३६ व्होल्टची आणि ५ ते ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ६ ची धरली तर ३६ गुणिले ६ म्हणजे २१६ वॉट-अवर. पायडल मारत मारत मोटरची मदत घेत गेलं तर माझा खर्च किलोमीटरला १० वॉट-अवरच्या आसपास येतो, आणि नुसता थ्रॉटल पिळून बसलं तर १४-१५. म्हणजे ही बॅटरी नव्यात थ्रॉटलवर १४ किलोमीटर आणि पायडल मारत २१ किलोमीटर देणार. जाहिरातीत २५-३० लिहिलेलं असतं ते हलक्या माणसाचं, सपाट रस्त्याचं आणि सगळ्यात कमी मदतीचं असतं. दोन वर्षांनी बॅटरी थोडी उतरलेली असणार ते वेगळंच. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की रोजच्या अंतराच्या दीडपट तरी रेंज निघेल अशी बॅटरी घ्या, आणि रेंज स्वतः काढा, डब्यावरची वाचू नका.

चढाचं पण तसंच. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा. १०० मीटरला ५ मीटर चढणारा रस्ता ताशी १२ च्या वेगाने चढायला साधारण २०० वॉट लागतात, तेवढं २५० ची मोटर देते. तोच चढ १०० मीटरला ८ मीटर झाला की ३०० वॉट लागतात. तिथे मोटर एकटी पुरत नाही, उरलेलं पायांनी द्यावं लागतं, आणि पाय लावले नाहीत तर मोटर हळूहळू फिरत नुसती तापत राहते. बऱ्याच लोकांची कंट्रोलर नाहीतर मोटर जळते ती अशीच, चढावर पाय न लावता थ्रॉटल पिळून. त्यामुळे चढ असेल तर गिअरची सायकल पाहिजेच, एकाच गिअरवाली स्वस्त ई-सायकल पुण्याच्या टेकड्यांवर फार दमवते.

मग मोठी मोटर टाकू का, ५०० वॉट, ७५०? नको. आपल्याकडे नियम असा आहे की मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ च्या आतला असेल तर लायसन, नंबर प्लेट, रजिस्ट्रेशन काही लागत नाही. त्याच्या वर गेलं की ती मोटार वाहन धरली जाते, आणि घरी केलेल्या सायकलचं रजिस्ट्रेशन करायला कागदच नसतात, त्यामुळे ती रस्त्यावर बेकायदाच राहते. २०२२ मध्ये परिवहन खात्याने परस्पर बदल करून वेग वाढवलेल्या ई-बाइकवर कारवाईची मोहीम काढली होती. आणि कायदा सोडा, सायकलचे ब्रेक, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), तारा हे सगळं ताशी १५-२० च्या हिशोबाने केलेलं असतं. त्यावर ताशी ४० ने जाताना समोर कुत्रं आलं तर काय होईल याचा विचार करा, माझ्या एका मित्राच्या हाताच्या हाडाला अजून प्लेट आहे.

रेडीमेड घ्यायची तर दुकानात हे करून बघा

सगळ्यात पहिले सायकल बंद करा, म्हणजे बॅटरी ऑफ, आणि तशीच गल्लीत एक चक्कर मारून या. हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बॅटरी एक दिवस रस्त्यात संपणारच आहे, त्या दिवशी ही २०-२२ किलोची सायकल तुम्हाला पायांनी घरी आणता येणार आहे का ते आत्ताच कळतं. काही सायकली बंद असताना अशा मागे ओढतात की नुसत्या हाताने ढकललेल्या बऱ्या वाटतात.

मग ती उचलून बघा. दुसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, तर बॅटरी काढून वर नेता येते का ते बघा. फ्रेमच्या आत बंदिस्त बॅटरी दिसायला छान असते पण मग चार्जिंगसाठी अख्खी सायकल प्लगपाशी न्यावी लागते.

तिसरं, दुकानदाराला आजच विचारा की या मॉडेलची सुटी बॅटरी केवढ्याला आहे आणि मिळायला किती दिवस लागतात, आणि ते बिलाच्या मागे लिहून घ्या. चार्जर, कंट्रोलर, डिस्प्ले यांचं पण विचारा. बायकोच्या सायकलचा कंट्रोलर ९ महिन्यांत गेला, वॉरंटीत होता, पैसे लागले नाहीत, पण पार्ट यायला साडेतीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस सायकल दुकानात उभी. बाहेरचा कंट्रोलर लावावा म्हटलं तर कनेक्टर त्यांचेच वेगळे. रेडीमेडमध्ये हा त्रास धरूनच चालायचं. त्यामुळे अगदी नवीन, ऐकलेलं नाही असं नाव आणि दोन हजार स्वस्त, यापेक्षा गावात सर्व्हिस देणारं नाव घ्या. पुण्यात तर ई-सायकल बनवणारी कंपनीच आहे, इमोटोरॅड, शिवाय हिरो लेक्ट्रोसारखी मोठी नावं आहेत, म्हणजे निवडायला वाव आहे.

टायर-रिमचा साइज नेहमीचा आहे का, म्हणजे २६, २७.५ किंवा २९, ते बघा, कारण अडीअडचणीला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ट्यूब मिळाली पाहिजे. डिस्क ब्रेक असले तर उत्तम. आणि टेस्टिंगचं सर्टिफिकेट मागा, एआरएआय (वाहनांची तपासणी करणारी संस्था) किंवा तशाच मान्य संस्थेचं. एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवरच आहे, तरी पुण्यातल्याच दुकानांत हे सर्टिफिकेट कोणी मागत नाही.

आणि एक, लेड अ‍ॅसिडची बॅटरी असलेली ई-सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्याच ७-८ किलो होतात आणि वर्षभरात बसतात.

कुठल्या सायकलला किट लावायचं

स्टील फ्रेम आणि स्टीलचा चिमटा असलेली, ब्रेक धड असलेली सायकल सगळ्यात चांगली. अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम चालते, पण मोटर मागच्या चाकातच घ्या. पुढच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या सस्पेन्शनवाल्या चिमट्यात मोटर बसवू नका. मोटर एक्सलला उलटा पीळ देत असते, एक्सल ज्यात बसतो त्या अ‍ॅल्युमिनिअमच्या खाचेचा तुकडा अचानक उडतो आणि पुढचं चाक निसटतं. मागचं चाक निसटलं तर माणूस घसरतो, पुढचं निसटलं तर तोंडावर पडतो.

आता मोजा. मागच्या चाकाच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर पट्टीने मोजा, बहुतेक हब मोटरला १३५ मिलिमीटर लागतं. फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दात्यांची चक्रं) आट्यावर बसणारं आहे का कॅसेट, म्हणजे खाचांवर सरकवून बसवलेलं, आहे ते बघा. ७ गिअरपर्यंतच्या साध्या सायकलींना आट्यावरचं फ्रीव्हील असतं आणि स्वस्त किटच्या मोटरी त्याच पद्धतीच्या येतात. रिमचा साइज सायकलच्या टायरवर लिहिलेला असतो, तोच किट मागवताना सांगायचा.

मोटर गिअरवाली हब घ्या, म्हणजे जिच्या आत छोटे गिअर असतात ती. ती ३ किलोच्या आसपास असते, आणि बंद असताना चाक मोकळं फिरतं. बिनगिअरची मोठी हब मोटर जड असते आणि बंद असताना मागे ओढते.

सांगलीला बाबांकडे ती काळी मोठी सायकल, त्यांच्या नोकरीच्या दिवसांपासूनची. माझ्या फार मनात होतं की तिलाच मोटर लावावी. पण तिचे ब्रेक दांडीचे, ते रिमला आतल्या बाजूने वर ओढून दाबतात, आणि मोटरबरोबर येणारी रिम तशा ब्रेकची नसतेच. तारांचा हिशोब पण वेगळा, पुढे ३२ आणि मागे ४०, मोटरला भोकं ३६. शिवाय दांडीच्या ब्रेकला मोटर बंद करणारा स्विच लावायला जागा नाही, आणि पावसात ते ब्रेक नुसत्या माणसाच्या वजनालाच जेमतेम पुरतात. विश्रामबागेजवळच्या सायकलवाल्या मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की याला फ्रेमखाली चेनवाली मोटर बसते, मी बसवून देतो, पण तुमच्या वडिलांच्या वयाला हे ब्रेक नकोत. मग ती काळी सायकल तशीच ठेवली, आणि ३,५०० ला २६ इंची, खाली वाकलेल्या दांडीची स्टीलची सायकल सेकंडहँड घेतली, म्हणजे पाय वर टाकावा लागत नाही. किट तिला लावलं.

बॅटरी वजनकाट्यावर ठेवा

माझी पहिली बॅटरी २०२१ साली ऑनलाइन घेतली, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर लिहिलेली, ६,८०० ला. बाजारभावापेक्षा खूप कमी म्हणून खूश होतो. पहिल्या आठवड्यात थ्रॉटलवर ११-१२ किलोमीटरला मान टाकायची, मला वाटलं आपण चढ चढतो म्हणून असेल. सातव्या महिन्यात चांदणी चौकाच्या चढावर बंद पडली ती पडलीच. बॅटरी पॅक बनवणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने ती उघडली तर आत २० सेल, तीन वेगवेगळ्या रंगांचे, आणि काहींच्या टोकांना जुन्या वेल्डिंगचे डाग, म्हणजे आधी कुठल्यातरी लॅपटॉपमध्ये नाहीतर दुसऱ्या पॅकमध्ये वापरून झालेले.

त्याने मला एक गोष्ट शिकवली. रद्दी मोजायचा काटा घेतला, डब्यासकट बॅटरी ठेवली, १ किलो ३५० ग्रॅम. मग म्हणाला, दादा, हे घरी आल्या दिवशीच कळलं असतं. १८६५० नावाचा जो बोटाएवढा सेल असतो त्याचं वजन साधारण ४५ ग्रॅम. ३६ व्होल्टला असे १० सेल एकापुढे एक लागतात. एका सेलमध्ये २.५ अँपिअर-अवर धरले तर १० अँपिअर-अवरसाठी अशा ४ रांगा, म्हणजे ४० सेल, म्हणजे नुसते सेलच १ किलो ८०० ग्रॅम. डबा, वायरी, बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं सर्किट) धरून सव्वादोन-अडीच किलो व्हायला पाहिजे. अगदी महागातले जास्त क्षमतेचे सेल घातले तरी ३० लागतात, ते पण १ किलो ४०० च्या आसपास जातात आणि डबा वेगळा. १ किलो ३५० मध्ये डब्यासकट १० अँपिअर-अवर बसूच शकत नाहीत. वजनाला खोटं बोलता येत नाही.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातला काटा घेऊनच बॅटरी घ्यायला जातो. वजन बरोबर आलं म्हणजे सेल चांगले आहेत असं नाही, पण वजन कमी आलं तर लिहिलेला आकडा नक्की चुकीचा आहे. पुढचं तपासायला मल्टीमीटर. ३६ व्होल्टची लिथियम आयन बॅटरी फुल चार्जला ४२ व्होल्ट दाखवते. चढावर लोड आला की तो आकडा थोडा खाली येणारच, पण एकदम ४-५ व्होल्ट पडत असेल तर सेल थकलेले आहेत. तीनचारशे रुपयांचा वॉटमीटर मध्ये जोडून एक फुल चार्ज संपेपर्यंत चालवलं की खरी क्षमता कळते, ते वॉरंटीच्या पहिल्या आठवड्यात करा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा.

आता प्रकार कुठला. लिथियम आयन हलकी. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडी जड पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जिंगचे फेरे कितीतरी जास्त देते. बाबांना मी एलएफपी घेतली, कारण एप्रिल-मे मधलं सांगलीचं ऊन आणि बाजारात उन्हात उभी केलेली सायकल. ३८.४ व्होल्ट ६ अँपिअर-अवर, रोजचे ६ किलोमीटर सपाट रस्ता, आठवड्यातून दोनदा चार्ज केली की भागतं. पण लक्षात ठेवा, दोघींचे चार्जर वेगळे. लिथियम आयनचा ४२ व्होल्टला थांबतो, या एलएफपीचा ४३.८ ला. एलएफपीचा चार्जर चुकून लिथियम आयनला लावला तर सेल जास्त भरले जातात आणि मग अडवायला फक्त बीएमएस उरतो. मी चार्जरवर मोठ्या अक्षरात मार्करने लिहून ठेवलंय.

लोक विजेचा खर्च विचारतात. ३६० वॉट-अवरची बॅटरी भरायला अर्धा युनिट पण लागत नाही. खरा खर्च बॅटरी झिजण्याचा आहे. ११,००० ची बॅटरी ५०० फेरे चालली आणि फेऱ्याला २५ किलोमीटर गेली तर साडेबारा हजार किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटरला ८८ पैसे. वीज त्यापुढे चिल्लर आहे. म्हणून पैसा टाकायचा तर बॅटरीत टाका, मोटर साधी चालेल.

बसवायचा रविवार

एक पूर्ण दिवस ठेवा. लागणार काय तर पाने, ॲलन की, मल्टीमीटर, केबल टाय, हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरीवर आवळून बसणारी नळी), कनेक्टर. पुण्यात हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं. मोटरचं चाक आधी सायकलवाल्याकडून आउट काढून आणि तारा आवळून घ्या, किटमधली चाकं बहुतेक वेळा ढिल्या तारांची येतात आणि मग महिन्याभरात तारा तुटायला लागतात.

जुन्या चाकाचं फ्रीव्हील काढून मोटरवर लावा, हाताने फिरवून बघा कुठे घासतंय का, घासत असेल तर एक वॉशर. चाक खाचेत पूर्ण खाली बसलं पाहिजे, एक्सलच्या चपट्या बाजू खाचेच्या कडांना टेकल्या पाहिजेत. मग टॉर्क आर्म, ही एक्सलला धरून फ्रेमला बांधायची पट्टी असते, किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या, १५०-२०० रुपयांत येते. ती नसली आणि एक्सल खाचेत फिरला तर मोटरची वायर एका क्षणात पिळवटून तुटते. वायर बाहेर येते ती बाजू खाली तोंड करून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून मोटरच्या आत न जाता खाली टपकेल.

पायडलचा सेन्सर म्हणजे चुंबकांची चकती आणि तिच्या समोर एक छोटा काळा डोळा, दोघांत २-३ मिलिमीटर फट. चकती उलटी बसली तर पुढे पायडल मारताना मोटर चालत नाही, काढून पलटवा. जुन्या सायकलीला कॉटर पिनचे क्रँक (ठोकून बसवलेल्या पिनेने धरलेल्या पायडलच्या दांड्या) असतील तर दोन तुकड्यांत उघडणारी चकती मागवा, नाहीतर ठोकाठोकीत पिन खराब होते.

कंट्रोलरच्या वायरी रंग बघून जोडल्या की झालं, मोटरच्या तीन जाड आणि मोटरच्या आतल्या सेन्सरच्या पाच बारीक. बॅटरीची जोडणी मात्र सगळ्यात शेवटी, आणि जोडायच्या आधी मल्टीमीटरने प्लस मायनस बघा, रंगावर विश्वास ठेवू नका. उलटी जोडली तर कंट्रोलर जागच्या जागी जातो. बरोबर जोडली तरी पहिल्यांदा एक बारीक ठिणगी उडते, तिला घाबरू नका. बॅटरीच्या प्लसवर ३६ व्होल्टला चालेल असा २० अँपिअरचा फ्यूज टाका.

रस्त्यावर जायच्या आधी मागचं चाक उचलून थ्रॉटल द्या आणि ब्रेकचा लिव्हर अगदी हलका ओढा. ब्रेक पॅड लागायच्या आधी मोटर बंद झाली पाहिजे. दोन्ही लिव्हरना वेगवेगळं करून बघा. हे होत नसेल तर सायकल रस्त्यावर काढायची नाही. बाबांच्या सायकलीला मी थ्रॉटल लावलाच नाही, फक्त पायडलची मदत आणि तीही पहिल्या लेव्हलला बांधलेली, कारण गर्दीत चुकून मनगट फिरलं तर सायकल पुढे झेप घेते.

चार्जिंग, पाऊस, पंक्चर

बॅटरी दाराच्या वाटेत चार्जला लावू नका, गादीवर, सोफ्यावर, पडद्याखाली नको. मोकळ्या फरशीवर, घरात कोणीतरी जागं असताना. उन्हातून आल्या आल्या चार्जला नको, अर्धा तास थंड होऊ द्या. फुगलेली, पडलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून परत वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी. पावसाळ्यात महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, काढून, घरात कोरड्या जागी.

पाऊस झेपतो, पुराचं पाणी नाही. पाणी मोटरच्या एक्सलपर्यंत असेल तर उतरून दुसऱ्या रस्त्याने जा. कंट्रोलर सीटखाली पिशवीत उभा ठेवा, वायरी आधी खाली वळवून मग वर घ्या. धुताना प्रेशरचं पाणी नको, ओलं फडकं बास.

पंक्चरला लोक उगाच घाबरतात, आणि पंक्चरवालाही वायर बघून नको म्हणतो. त्याला सांगा, काका चाक काढायचंच नाही. टायरची एक बाजू सोडून ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधायचं, पॅच मारायचा, आत टाकायची, नेहमीसारखंच. फक्त ट्यूब बदलायची असेल तेव्हाच मोटरचा कनेक्टर सुटा करून चाक काढावं लागतं, आणि परत लावताना कनेक्टरवरचे दोन बाण समोरासमोर धरून सरळ दाबायचा, पिळायचा नाही. सोबत एक्सलच्या नटाचा पाना ठेवा, बहुतेक १८ चा लागतो, तो पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही.

पहिले ५० किलोमीटर झाले की एक्सलचे नट आणि टॉर्क आर्म परत आवळा, तारा हाताने दाबून बघा. नंतर महिन्याला एकदा. सांगलीला हे काम मामा करतात, मी महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करून बाबांना आठवण करतो, आणि बाबा सायकल घेऊन जातात, चहा पिऊन येतात.